डावी बाजू खाली

आमच्या मंडळात ‘छान’ हा शब्द बंद होता. कुणाच्या तोंडून तो गेलाच, तर त्यानं निमूट उठायचं आणि सगळ्यांसाठी चहा ठेवायचा. हा नियम सरांचा. सर म्हणजे सेलू तालुक्यातल्या एका शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे मास्तर. फोटोला ‘छान’ म्हणणारा माणूस फोटो पाहतच नाही, त्याला घरी जायची घाई असते, असं त्यांचं म्हणणं. “लग्नात म्हना छान. इथं काय दिसून राह्यलं ते सांगा,” म्हणायचे.

मंडळ म्हणजे तरी काय, आम्ही चौघं. सर, मी, बोरगाव मेघेत फ्लेक्स आणि फोटो छापायचं दुकान चालवणारा आमचा यजमान, आणि साताऱ्याकडून बदली होऊन वर्ध्याला आलेला बँकेतला एक गडी. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला. आठवडाभर पोरांना ‘हळू बोला’ सांगण्यात माझा आवाज दबलेला असायचा, तो रविवारी मोकळा व्हायचा. दुकानाच्या वरच्या खोलीत कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी बांधलेली असे. छापलेले फोटो चिमट्यांनी तिला लावायचे आणि एकेकानं पुढं होऊन बोलायचं. त्याला आम्ही ‘दोरीवर जाणं’ म्हणायचो. “आज दोरीवर कोन?” असं दुकानदार जिन्यातूनच ओरडायचा.

आम्ही काढायचो ते आपल्याच भागातले देखावे. हिंगणीच्या पुढचं बोर धरणाचं पाणी, गिरडची टेकडी, उन्हाळ्यात पिवळी पडलेली रानं. यातून कुणाचं नाव होणार नव्हतं आणि त्याची कुणाला फारशी खंतही नव्हती. मला हवं होतं ते वेगळंच. आपण पाहिलेली गोष्ट आठवड्यातून एकदा दुसरं कुणीतरी नीट पाहतं, त्याच्यासाठी मी बाकीचे दिवस ढकलत होते. घरी माझी मी एकटी. तिथं माझ्या बोलण्यात चूक काढायलाही कुणी नव्हतं.

सर चूक काढायचे. त्यांची पद्धत ठरलेली. फोटोपुढं उभं राहायचं, आणि उजव्या तळहातानं त्याचा एखादा तुकडा झाकायचा. “आता पाहा. हे गेलं तर काय बिघडलं? काईच नाई. मंग काऊन ठेवलं?” माझ्या पहिल्या फोटोत त्यांनी असं झाकत झाकत सगळंच झाकलं होतं. मी घरी जाऊन रडले, चिडले, कॅमेरा कपाटात टाकला आणि पुढच्या रविवारी सगळ्यांच्या आधी जिना चढले. त्यांच्या तळहाताखालून जो फोटो सुटायचा तो खरा, हे मला तेव्हाच कळलं होतं. माझ्या आयुष्यात इतका खरा माणूस दुसरा आला नाही.

मग एका पावसाळ्यानंतर सरांनी डावी बाजू धरली. फोटो कुणाचाही असो, ते पाहायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, “बाकी बराबर आहे. डावी बाजू खाली आहे.” आमच्याकडं ‘खाली’ म्हणजे रिकामं, हिंदीतून आलेलं. साताऱ्याच्या गड्याला ते ठाऊक नव्हतं. त्याला वाटलं, आपला फोटो डावीकडं कललाय. पुढच्या रविवारी त्यानं डावी बाजू उचलून सरळ केलेले, म्हणजे आता खरोखरच वाकडे झालेले फोटो आणले. त्यात बोर धरणाचं पाणी उजवीकडून सांडेल की काय असं दिसत होतं. आम्ही पोट धरून हसलो. सरही हसले. “अरे बाबा, खाली मंजे रिकामी! खाली डब्बा, खाली खुर्ची!” तो बिचारा लाल झाला. त्यानंतर महिनाभर कुठंही गेलो तरी आम्ही त्याला “खाली बसा” म्हणायचो.

हसून झाल्यावर आम्ही कामाला लागलो. डावी बाजू भरायची. दुकानदारानं तिथं पळसाचं झाड घेतलं. सर म्हणाले, खाली आहे. त्यानं झाडाबरोबर बैलगाडी घेतली. सर म्हणाले, पाहा, अजून बी खालीच. साताऱ्याच्या गड्यानं एक अख्खी विहीर मोटारपंपासकट डावीकडं आणली, तिचीही तीच गत. माणूस अशा वेळी काय करतो? सर चुकत असतील, असं आमच्या मनातही आलं नाही. त्यांना काहीतरी फार वरचं दिसत असणार, आणि आपली नजर अजून तिथवर पोचत नाही, असं आम्ही धरून चाललो. दुकानदारानं तर त्याचं शास्त्रच बनवलं. आपण डावीकडून वाचतो, म्हणून डोळा आधी तिकडं जातो, म्हणून वजन तिथं पाहिजे. लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा त्यानं नवरदेव डावीकडं सरकवले. मी ग्रंथालयात जाऊन पुस्तकं चाळली. शोधलं की सापडतंच, तसं मलाही दोन ठिकाणी सापडलं आणि ते मी मोठ्या तोऱ्यात सगळ्यांना वाचून दाखवलं.

त्याच दिवसांत सरांच्या स्कूटरचा डावा आरसा फुटला. नवा बसवला, तोही फाटकाला घासून गेला. वरच्या खोलीत पोह्यांच्या बशा यायच्या, तर सरांच्या बशीत डावीकडचे पोहे तसेच राहायचे, मधोमध रेघ आखल्यासारखे. “डाएट चालू आहे काय सर?” दुकानदारानं एकदा विचारलं. सरांनी बशीकडं पाहिलं. “खाल्ले ना सारे,” म्हणाले. आम्ही पुन्हा हसलो. फोटोतली पानं मोजणारी आम्ही माणसं, पण समोरची बशी कुणी पाहिली नाही.

थंडीत आम्ही पहाटे बोर धरणावर गेलो. पाण्यावर धुकं होतं, पलीकडच्या टेकड्या अर्ध्याच दिसत होत्या. सर आपल्या घडीच्या स्टुलावर, लाल मफलर गुंडाळून, पाण्याकडं तोंड करून बसले होते. मी मागं उभी होते. त्यांच्या पाठीकडं पाहताना मला एकदम भरून आलं, का ते सांगता येणार नाही. मी फोटो घेतला. उजवीकडं पाणी आणि धुकं, डावीकडं सर. मी काढलेला हा सगळ्यात चांगला फोटो आहे, हे घरी येईपर्यंत मला कळलं होतं. तरी ते सरांच्या तोंडून ऐकायचं होतं. दुकानदाराकडून मोठा छापून घेतला.

रविवारी मी दोरीवर गेले. सर फोटोपुढं येऊन उभे राहिले. बराच वेळ पाहत होते.

“पानी साजरं आलं,” ते म्हणाले. “धुकं बी बराबर. हात ठेवाले जागा नाई कुठं.” मग त्यांनी मान हलवली. “पन डावी बाजू खाली आहे वो बाई.”

मी भडकले. माझा स्वभावच तसा. “सर, काहीतरीच काय बोलता! डावीकडं तुम्ही बसलाय!”

दुकानदार खो खो हसला. “सर सोताले मोजतच नाईत!”

सर हसले नाहीत. “कुठं?” त्यांनी विचारलं. मी फोटोवर बोट ठेवलं. त्यांना बोट दिसेना. मग गाडी मागं घेताना माणूस वळतो तसे ते मानेसकट डावीकडं वळले, हळूहळू, आणि थांबले. त्यांचा हात आपल्या गळ्यातल्या मफलरकडं गेला. “हा मी होय काय?”

त्यांनी तोंड पुन्हा समोर केलं. “आता नाई,” म्हणाले. पुन्हा वळले. “आता आहे.” पुन्हा समोर. “नाई.” साताऱ्याच्या गड्यानं पुढं होऊन त्यांना खुर्चीवर बसवलं.

डोक्यात उजवीकडं गाठ निघाली. डावीकडचं जग जिथून दिसतं, नेमकी त्या जागेवर ती दाबत होती. डोळे शाबूत होते, चष्म्याचा नंबरही बदलला नव्हता. डाव्या बाजूला काही असतं, हेच डोकं विसरून गेलं होतं, आणि विसरलंय हे त्यालाही ठाऊक नव्हतं. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी सरांच्या बायकोला, काकूंना, विचारलं, हे कधीपासून आहे? काकू आमच्याकडं पाहायला लागल्या. उत्तर आमच्याकडंच होतं. दुकानदाराच्या खोक्यात पळसाची झाडं, बैलगाडी आणि ती विहीर ओळीनं पडून होती. त्यांच्या आजाराला आम्ही कला समजून वागवलं होतं, त्याच्यावर मेहनत घेतली होती. मला भयंकर राग आला. कुणाचा, ते कळेना, म्हणून मी दवाखान्याच्या आवारात चहावाल्याशी भांडले.

ऑपरेशन करून गाठ काढली. सर वाचले. पण डावीकडचं जे गेलं ते परत यायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मान वळवून वळवून पाहायची सवय लावून घ्यायची, एवढंच.

होळीनंतरच्या एका रविवारी ते जिना चढून आले. डोक्यावर लोकरी टोपी, अंगातला शर्ट दुसऱ्या कुणाचा वाटावा इतका सैल. काकू खाली ऑटोत बसून राहिल्या. सरांच्या हातात पाकीट होतं. “आज दोरीवर मी,” म्हणाले. त्यांनी हट्टानं गिरडच्या टेकडीवर जाऊन फोटो काढला होता. चिमटा लावताना त्यांचा हात दोरी शोधत होता. आम्ही कुणी मदत केली नाही, त्यांना आवडलं नसतं.

उजवीकडं टेकडीवरून दिसणारी शेतं होती. उतरतं ऊन, एकामागे एक बांध, आणि बांधावरच्या बाभळींच्या सावल्या लांब पडलेल्या. तसं ऊन आमच्यापैकी कुणाला कधी पकडता आलं नव्हतं. आणि डावीकडं, अर्धा फोटो व्यापून, ऑटोचं काळं रेक्झिनचं टप आणि पदर धरलेला काकूंचा हात.

“बोला,” सर म्हणाले.

दुकानदार फोटोकडं पाहत राहिला. “छान आहे सर,” तो म्हणाला.

साताऱ्याचा गडी म्हणाला, “छान आहे.”

सर माझ्याकडं वळले, आधी मान, मग खांदे. “तू बोल वो बाई. तुह्या तोंडाले तं कधी कुलूप नाई राह्यलं.”

मला सगळं म्हणायचं होतं. तळहात पुढं करून ऑटो झाकावा, आणि म्हणावं, आता पाहा सर, उरलेलं बघा काय आहे ते. एवढंच करायचं होतं. त्यांनी मला तेच तर शिकवलं होतं. पण ते माझ्या तोंडाकडं पाहत होते आणि टोपीच्या कडेखाली टाक्यांचे वण दिसत होते.

“छान आहे सर,” मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली. “जा मंग,” म्हणाले. “चहा ठेव.”

मी मागच्या ओट्यावर गॅस पेटवला. कप घेऊन आले तेव्हा दोरी मोकळी होती आणि पाकीट सरांच्या मांडीवर होतं. चहा त्यांनी सगळा प्यायला.

त्यानंतरही ते येत राहिले, पण दोरीवर गेले नाहीत. पुढच्या रविवारी माझा फोटो होता. धाम नदीच्या काठचा, घाईत काढलेला, डावीकडं नको ती तार आलेली. तळहात पडावा म्हणूनच तो मी लावला होता. सर पुढं आले. मान वळवून त्यांनी डावीकडं पाहिलं, तार पाहिली, मग उजवीकडं पाहिलं. हात पाठीमागंच होते.

“छान आहे,” ते म्हणाले आणि जाऊन खुर्चीवर बसले.

चहा कुणी ठेवायचा, हे कुणीच बोललं नाही.