भिंतीकडे तोंड

नव्या चादरीची घडी मोडली, की खळीचा वास येतो आणि यंत्रमागावर जन्म घालवलेल्या मला नातीच्या श्रुतलेखनाची ती संध्याकाळ आठवते. माझ्या थपडेने पोरीचे कान गेले, असे नातलग सांगतात. ते साफ खोटे आहे. मी तिला बोटही लावले नाही. गृहपाठाला बसली, की ती माझ्या तोंडाकडे टक लावी. मी पुस्तकात डोके घातले, की पेन्सिल टाकून देई. मागांच्या खडखडाटात आम्ही कामगार ओठ बघूनच बोलत आलो. त्यामुळे तिच्या बघण्यात मला वावगे दिसले नाही, पेन्सिल टाकण्यात मात्र हट्ट दिसला. "मामा, लई लाडावलीय ती, जरा दाबात घ्या की," सून म्हणाली. मी पोरीला भिंतीकडे तोंड करून बसवले आणि मागून शब्द सांगू लागलो. तिने एकही लिहिला नाही, नुसती रडत राहिली. तेवढ्यात सुनेच्या हातून पातेले फरशीवर आदळले. आम्ही दोघे दचकलो. पोरीने मान वळवली नाही. कान कधीपासूनच जात होते, असे डॉक्टरांनी सांगितले, तरी दोष माझ्याच हाताला. आता नात मोठी झाली आहे. खरे काय ते तिलाच विचारा, असे मी सर्वांना बजावतो. पण तिला ओठांवरून कळेल असे विचारायला माझ्याखेरीज घरात अजून कोणी शिकलेले नाही.