लेकीच्या घरचं पाणी

नवरीच्या कानाची पाळी चिमटीत धरायची, तिचं डोकं आपल्या तोंडाशी ओढायचं आणि म्हणायचं, "आइक. माह्या मायनं मले सांगतलं, तिच्या मायनं तिले."

फुलसावंगीतल्या आमच्या गल्लीतून जेवढ्या पोरी सासरी गेल्या, त्या सगळ्यांचे कान या बाईनं असे ओढलेले. अख्खी गल्ली तिला मावशी म्हणायची. तुमच्याही गल्लीत असेल अशी एखादी, शिकवणीची पोतडी काखेत घेऊन फिरणारी. असली तर तिच्यापासून पोरी दूर ठेवा. मी तिच्याबद्दल गोड बोलणार नाही, आधीच सांगते.

नवरी पहिल्यांदा सासरी निघाली की सोबत पाठराखीण लागते. एखादी जाणती बाई आठ दिवस तिच्याजवळ राहते, रडं थांबवते, चुली-माठाची ओळख करून देते. ज्यांच्या घरी अशी मोकळी बाई नसे ते मावशीला धाडत, आणि मावशी कायमच तयार. परत येताना तिला व्याह्यांकडून लुगडं मिळायचं. त्या लुगड्याच्या काठावरून ती सासरची पारख करायची. काठ रुंद असला तर "सोन्यावाणी लोक आहेत." जेवायला बसली की चार पुरणपोळ्या सहज. आम्ही हसलो तर म्हणायची, "हसता काहून? पाठराखिणीनं कमी खाल्लं तं लोक म्हणतीन, पोरीच्या माहेरी खायाले नाई."

तिच्या शिकवणी ऐका. "रुसावं, पन खाऊन रुसावं." इथवर ठीक आहे, ही मी आजही पाळते. "सासूनं भाजीत मीठ कमी टाकलं तं मांगू नये, डोयातलं पुरते." हिच्यावर बाया खिदळायच्या. आणि सगळ्यात लाडकी, "वाफ झाकणाखाली ठेवावी, भात मऊ होते." म्हणजे सासरचं काही माहेरी सांगायचं नाही. बाया माना डोलवायच्या. मेलं, झाकण कधी काढलंच नाही तर भात करपतो, हे त्या एवढ्या स्वयंपाक करणाऱ्या बायांपैकी एकीलाही सुचू नये!

तिचा नवरा दिवसभर ओट्यावर बिडी ओढत बसलेला असायचा. तो खाकरला की मावशी बोलता बोलता गप्प व्हायची. आम्हाला त्याचं काही वाटत नसे.

आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात ताईचं लग्न झालं. ढाणकीला दिली. पाठराखीण मावशीच. घरात आम्ही दोघी बहिणीच, भाऊ नाही, म्हणून सणावाराला ताईला आणायलाही तीच जायची. बाबा जात नसत. लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं पाणी पीत नाही, ही आमच्याकडची रीत. दिवसभराचा बैलगाडीचा रस्ता आणि घोटभर पाणी घ्यायचं नाही, मग माणूस जातो कशाला? तेव्हा लेक सुखी आहे की नाही हे बाबांना मावशीच्या तोंडून कळायचं. ती सांगायची, "भाऊ, पोरगी मजेत आहे." बाबा निवांत तुरीच्या वावरात जायचे.

दोन वर्षांनी आखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ताई आली. मी तिच्या पाठीवर पाणी घालायला न्हाणीत गेले, तर ती पाठ भिंतीला लावून उभी. मी बळंच फिरवली. कासऱ्याचे वळ होते, जुने काळे आणि त्यांच्यावर नवे लाल. ताईनं माझ्या तोंडावर हात ठेवला. "मायले सांगू नको. मावशीनं सांगतलं आहे, वाफ—" पुढचं मी ऐकलं नाही. तशीच ओल्या हातानं मावशीच्या घरी गेले.

ती सुपात ज्वारी पाखडत होती. मी म्हटलं, "तुले ठाऊक होतं?"

"पायल्या दिवायीपासून," ती म्हणाली. सूप थांबलं नाही.

"अन् बाबाले मजेत सांगून राह्यली तू?"

"मंग काय सांगू? माह्या पाठीवरबी होते. माह्या मायच्या पाठीवर होते."

"तुह्या मायनं काय केलं मंग?"

"हयद लावली. अन् परत पाठवलं."

हे ती असं म्हणाली, जसं कोणी लोणच्याची कृती सांगावी. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, मी आत्ताच्या आत्ता बाबांना सांगते. तेव्हा तिनं सूप खाली ठेवलं आणि माझ्या कानाची पाळी धरली. "सांग. ताई घरी येऊन बसन. मंग तुह्यं पुसदचं स्थळ येते का पाय."

आता माझी गोष्ट ऐका, कारण एकटीवरच राग काढणं सोपं असतं. पुसदचा मुलगा शिकलेला होता, मला आवडला होता. मी सांगितलं नाही. ताईच्या पाठीला हळद मी लावली आणि मावशीच्या सोबत तिला गाडीत बसवून दिलं. आखजी ते दिवाळी, सहा महिने मी झाकण दाबून बसले. मावशीला शिव्या देते ना मी, त्यातल्या अर्ध्या माझ्या आहेत.

दिवाळीला सासरच्यांनी ताईला पाठवलं नाही. मावशी एकटीच परत आली आणि पहिल्यांदा "मजेत" म्हणाली नाही. म्हणाली, "भाऊ, तिले काम आहे." एवढंच बोलली आणि घरात शिरली. मला रात्र काढवेना. सकाळी बाबा बैलांना वैरण टाकत होते, तिथंच मी सगळं सांगितलं. बाबांनी वैरण पुरती टाकली. मग म्हणाले, "गाडी जुंप म्हन गड्याले. तूबी चाल."

ढाणकीत व्याह्यांच्या अंगणात बाबा उभेच राहिले. व्याही म्हणाले, "बसा ना." बाबा म्हणाले, "तहान लागली. माह्या लेकीले पानी आणाले सांगा."

सासू दारात आली. शेजारच्या बाया कुडावरून बघायला लागल्या. ताईला तर अजून मूल नव्हतं. ती तांब्या घेऊन आली, दोन्ही हातांच्या तळव्यांत धरून, कारण उजव्या हाताची बोटं मिटत नव्हती. बाबांनी ती बोटं पाहिली. तांब्या घेतला आणि घटाघटा सगळं पाणी प्याले. तांब्या अंगणात पालथा घातला.

"लेकीच्या घरचं पानी मी पेत नाई," ते म्हणाले. "इथलं पेलो. म्हंजे हे माह्या लेकीचं घर नाई. चाल वो बाई."

कोणी आडवं आलं नाही. आलं असतं तर बाबांनी काय केलं असतं, देव जाणे.

ताईची दोन बोटं जन्मभर वाकली नाहीत. आखजीला सांगितलं असतं तर वाचली असती. पुसदचं स्थळ मोडलं. मोडायचंच होतं, मग सहा महिने मी गप्प राहून काय मिळवलं? पुढे माझं लग्न बाभुळगावला झालं, उशिरा झालं. मावशीला मात्र त्यानंतर कोणी पाठराखीण म्हणून नेलं नाही. गल्लीतल्या बाया तिच्यावर थुंकल्या. कालपर्यंत माना डोलवणाऱ्या याच बाया. मीही त्यांत होते, आणि सगळ्यांत पुढे होते.

माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी ती मागच्या दारानं आली. नवरा मरून वर्ष झालेलं, तरी तो अजून ओट्यावर बसल्यासारखा आवाज अर्धाच. मी म्हटलं, हिला सोबत यायचं असेल, किंवा आणखी एखादी शिकवण उरली असेल. मी दोन्ही कान मनगटांनी झाकून घेतले.

तिनं हात पुढं केलाच नाही. उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणाली, "तू होती ना थ्या दिवशी अंगनात? मले कोनी नीट सांगत नाई. भाऊ कसे म्हनले? पानी हातानं मांगतलं का तोंडानं?"

"कायले पायजे तुले?"

"उगीच." ती जायला वळली, पुन्हा फिरली. "माहा बा आलता एकदा, मले पाहाले. वेशीवरूनच परत गेला. तहान लागन म्हने."

मी तिला सांगितलं नाही. मला घाई होती, हातावर मेंदी ओली होती, आणि खरं सांगायचं तर मला तिला काहीच द्यायचं नव्हतं. मी कोपरानं दार लोटलं. बराच वेळ ती बाहेर उभी होती, फटीतून तिचं लुगडं दिसत होतं.

पुढच्या आखजीला मी माहेरी आले, तेव्हा तिच्या घराला कुलूप होतं. ती कुठं गेली, हे गल्लीत कोणी विचारलंही नव्हतं.