बारवेतला हत्ती

एम. ए.ला इतिहास घेतला तेव्हा माझी अशी समजूत होती की हा विषय माझ्यासारख्या गप्पिष्ट माणसासाठीच काढलेला आहे. लढाया, राण्या, भुयारं, गुप्त दरवाजे. आपण नुसतं तोंड उघडायचं. सोलापूरला विद्यापीठात पहिल्याच आठवड्यात हा गैरसमज फिटला. आमच्या मॅडम श्वासालासुद्धा संदर्भ मागायच्या. एकदा उशिरा पोचलो आणि एस.टी. पंक्चर झाल्याचं सांगितलं, तर म्हणाल्या, "एकाच साक्षीदारावर कसा विश्वास ठेवायचा?" आणि त्याच एस.टी.नं येणाऱ्या मुलीला उभं केलं. ती म्हणाली, गाडी वेळेवर होती. तेव्हापासून मॅडमच्या दृष्टीनं मी अविश्वसनीय साधनांत जमा झालो.

दुसऱ्या वर्षी प्रबंधाला त्यांनी मला माझ्याच गावची बारव दिली. वळसंगच्या पुढं आमचं गाव आणि गावाबाहेर ही पायऱ्यांची जुनी विहीर, एक पायरी फुटलेली. "म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती घे, रेकॉर्ड कर, शब्दन्‌शब्द उतरवून काढ. वेळेत दिलं नाहीस तर वर्ष गेलं." वर्ष गेलं की मला टेंभुर्णीला मामाच्या टायरच्या दुकानात बसवायचं, हे वडिलांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. मामाला फोनही झाला होता.

गावातला सगळ्यात म्हातारा माणूस टपरीवर सापडला. वय विचारलं की तो दरवेळी दहा वर्षं वाढवून सांगायचा, त्या हिशेबानं बारव त्याच्यापेक्षा लहान होती. मी फोन पुढं धरून विचारलं, "बाबा, बारवेची ती पायरी कशानं फुटली?"

"बादशाच्या हत्तीनं," म्हातारा म्हणाला. "पाणी प्यायला उतरला आन् पोट अडाकलं की पायऱ्यात. अकरा दिस. गावच्या बायांनी त्याला भाकरी आन् शेंगाची चटणी चारली. अकराव्या दिशी चटणीचा ठसका लागला, आन् हत्ती असा शिंकला, पायरी फुटून गडी भाईर. अक्कलकोटात लोकान्ला वाटलं, ढग फुटला."

फोन रेकॉर्ड करत होता आणि मला घाम फुटला होता. कारण हा हत्ती माझा होता.

दीड वर्षापूर्वी याच टपरीवर मला कुणीतरी विचारलं होतं, "इतिहास शिकतूस न्हवं, मग पायरी कशानं फुटली सांग की." खरं कारण मला माहीत होतं. आदल्या दुष्काळात सगळं गाव टँकरमागं पळालेलं असताना आमच्या चुलत्यांनी, म्हणजे तात्यांनी, बारवेत पाण्याची मोटर उतरवली आणि ती त्यांच्या हातून निसटून पायरीवर आदळली. घरची अब्रू वाचवायची म्हणून मी हत्ती सोडला. अकरा दिवस, चटणी, शिंक, अक्कलकोट, सगळं माझं. अक्कलकोटाचा मला विशेष अभिमान होता.

"बाबा, ही गोष्ट मीच सांगितलीय," मी म्हणालो.

"तू? तुजा बाप चड्डीत हुता तवा मी ही माझ्या आज्याकडनं ऐकलीया."

शेजारचे दोघं माना हलवत होते. एकाच्या पणजीनं तर हत्तीला स्वतः भाकरी घातली होती, अन् हत्तीनं दुसरी मागितली होती.

मॅडमना रेकॉर्डिंग ऐकवलं आणि सगळं कबूल केलं. त्या खोलीत मी पहिल्यांदाच खरं बोलत होतो. त्यांनी चष्मा काढला.

"तू रचलीस, याला पुरावा?"

"मॅडम, मी स्वतः."

"पंक्चरलाही तू स्वतःच होतास." त्यांनी वही ओढली. "तिकडे तीन साक्षीदार, इकडे तू एकटा. हत्ती होता हे सिद्ध कर, नाहीतर नव्हता हे कर. सोमवारपर्यंत."

होतं ते सिद्ध करताना माणसं म्हातारी होतात. मला नसलेला हत्ती नव्हता हे सिद्ध करायचं होतं, चार दिवसांत, आणि ज्यानं तो आणला त्याच्याच शब्दाला किंमत नव्हती. मी तात्यांकडे गेलो. म्हटलं, "दोन ओळी लिहून द्या, पायरी तुमच्या मोटरीनं फुटली."

"कसली मोटार? हत्तीनं फुटलीया ती. बोर्ड वाचता येत न्हाय व्हय तुला?"

ग्रामपंचायतीनं बारवेवर खरोखरच निळा बोर्ड लावला होता. हत्ती-पायरी.

"तात्या, मी तुमच्या मागंच उभा होतो."

"मग धरायचीस की."

"हेच लिहून द्या."

"काय?" तात्या म्हणाले आणि म्हशीला पाणी दाखवायला निघून गेले. म्हैस गेल्या वर्षीच विकली होती.

दुसऱ्या दिवशी विद्यापीठात डबा उघडला. भाकरी आणि शेंगाची चटणी. आईच्या चटणीत मिरची इतकी असते की आमच्या आळीतली कावळ्यांची वस्ती उठून गेली आहे. घास तोंडाशी नेला आणि तसाच राहिला. शेंगा. मॅडमनीच शिकवलं होतं, भुईमूग हे आपलं पीक नाही, समुद्रापलीकडून आलेलं आहे. डबा उघडा टाकून मी ग्रंथालयात पळालो आणि दोन दिवस जुन्या शेतीवरच्या पुस्तकांत बसलो, इतका की तिथल्या शिपायानं माझ्यावरची धूळही झटकली. आमच्या भागात भुईमूग रुजला तो इंग्रजांच्या अमदानीत. म्हणजे बादशहाच्या हत्तीला शेंगाची चटणी मिळणं शक्यच नव्हतं. ज्यानं कुणी ही गोष्ट रचली, तो अलीकडचा माणूस होता आणि अडाणी होता. हे मला लेखी मांडावं लागलं.

मॅडमनी शेवटच्या पानापर्यंत वाचलं. "अंतर्गत पुरावा. बरं आहे," म्हणाल्या. त्यांचं 'बरं आहे' म्हणजे इतरांची हत्तीवरून मिरवणूक. प्रकरणाला मी 'एका दंतकथेचा जन्म' असं नाव दिलं, पास झालो आणि टायरच्या दुकानात मामेभाऊ बसला.

इथं गप्प बसायला हवं होतं. पण अंगात एम. ए. आलेलं. टपरीवर जाऊन म्हाताऱ्याला शेंगांचा सगळा इतिहास ऐकवला.

त्यानं शांतपणे चहा संपवला. "शेंगा नव्हत्या म्हंतूस?"

"नव्हत्या."

"मग कारळाची आसंल."

"कारळाचीच," दुसरा म्हणाला. "आमची पणजी कारळाचीच म्हणायची."

"बरं झालं शिकलास," म्हातारा माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला. "येवडी एक चूक हुती, ती निगाली."

महिन्याभरात बोर्ड नवा झाला. हत्ती, अकरा दिवस, कारळाची चटणी. आणि खाली बारीक अक्षरात, 'संदर्भ: एम. ए. प्रबंध, सोलापूर'. मी सरपंचांकडे गेलो, म्हटलं, प्रबंधात बरोबर उलटं लिहिलंय. ते म्हणाले, "लिवलंय तर खरं न्हवं?"

परवा मॅडमचा फोन आला. पहिल्या वर्षाच्या एका मुलीनं बारवांवर निबंध दिलाय, बोर्डाच्या फोटोसकट. "संदर्भ व्यवस्थित दिलाय तिनं," त्या म्हणाल्या. "तुझा." मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "कारळ आपल्याकडे कधीपासून आहे?"

ते मी आधीच बघून ठेवलं होतं.

"लई जुनं आहे, मॅडम."