ट्रेलरमधली न्हाणी

मुलांनो, तुम्ही तिकडे फिरायला एक ट्रेलर घेतला आहे आणि त्यात न्हाणी आणि संडास बसवता आहात, असं तुमच्या आईने कळवलं. मीही एकदा बसवला आहे. दुसऱ्या महायुद्धाचा काळ होता. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांतात होतं. मी सैन्यातल्या बायकांच्या तुकडीत कॉर्पोरल होते आणि अमरावतीहून माझं पोस्टिंग अकोल्याला झालं.

काम फिरतीचं होतं. लढाईवर गेलेल्यांच्या घरी जायचं, बायकांना भत्त्याचे नियम समजावायचे, त्यांची गाऱ्हाणी लिहून आणायची. एक लॉरी, तिच्यामागे ट्रेलर. माणसं तीन: मी, लान्स कॉर्पोरल गोदावरी आणि लॉरी चालवणारे शिपाई शेळके. गोदावरी दर्यापूरकडच्या शेतकऱ्याची मुलगी. एका जागी बसणं तिला ठाऊक नव्हतं. लॉरी थांबायच्या आत ती उडी मारायची.

गावांत आम्हाला आडोसा नसे. म्हणून आम्ही दोघी दिवसभर पाणीच पीत नसू. उन्हाळा लागला तशी मला लघवीची जळजळ सुरू झाली. फिरतीवर संडास नाही, असा रिपोर्ट मी आमच्या तुकडीच्या कमांडर बाईंना दिला. उत्तर आलं, "बिल्ड वन. ऑन द ट्रेलर."

आम्ही मागचा कोपरा घेतला. माणूस उभा राहून वळेल एवढाच. खाली पत्रा, कडा वर वळवलेल्या, सांध्यांना डांबर. एका बाजूला लाकडी खोका आणि त्यात डबा, तो संडास. पाणी जायला भोक आणि रबरी नळी. दाराला ताडपत्री. या कोपऱ्याच्या बरोबर वर, छपरावर टाकी. शॉवर म्हणून डब्याच्या झाकणाला खिळ्याने भोकं पाडली. टाकीचा दुसरा नळ न्हाणीच्या लाकडी भिंतीबाहेर, पिण्यासाठी. दोन टाक्यांचं वजन ट्रेलरला झेपलं नसतं.

"घ्या बाई," शेळके म्हणाले. "कलेक्टरच्या बंगल्यातबी असं नसन."

"कलेक्टरले टाकीखाली बसा लागत नाही," गोदावरी म्हणाली. आम्ही तिघंही हसलो.

मी पाणी पिऊ लागले. गोदावरी मात्र कॅम्पातून सुरई भरून घ्यायची आणि प्रवासभर मांडीवर धरून बसायची. तिला गार पाणी लागतं, असं मी धरून चालले.

मे महिन्यात त्या भागात कॉलरा पसरला. गावातलं पाणी पिऊ नये, असा हुकूम निघाला. त्याच आठवड्यात आम्ही बाळापूरच्या बाजूला गेलो. वाटेत खड्ड्याच्या हिसक्याने सुरई फुटली.

"नळाचं घे," मी म्हणाले.

"तहान नाही मले."

आम्ही दोन गावं केली. वारा भाजत होता. एका घरी तिच्यापुढे पाण्याचा तांब्या आला. तिने त्याकडे पाहिलं आणि हुकूम सांगून परत केला. परतताना लॉरीची स्प्रिंग तुटली. शेळके लॉरीखाली शिरले. गोदावरी बसली, उठली, रस्त्याने चालत गेली, परत आली. "निघून राहिलो का नाई आपुन?" तिने पुन्हा पुन्हा विचारलं. शेवटी ती पडली. अंग कोरडं होतं आणि तव्यासारखं तापलं होतं.

मी तिला न्हाणीत ओढून शॉवर सोडला. नळाचं पाणी पेल्यातून ओठांना लावलं. तिने दात आवळले.

"पी. ऑर्डर आहे."

"संडासावरचं हाय ते, बाई."

तेव्हा मला कळलं. मधे भिंत होती, नळ वेगळा होता, पाणी उकळलेलं होतं. पण टाकी एकच होती आणि ती संडासाच्या डोक्यावर होती. ते पाणी तिने एकदाही तोंडात घेतलं नव्हतं.

रस्त्यालगत वांग्याचा मळा होता. मी शेळक्यांना तिकडच्या विहिरीवर जायला सांगितलं.

"कॉलऱ्याचा हुकूम हाय, बाई."

"जबाबदारी माझी. पळा."

त्यांच्यामागून मळ्यातली माळीण स्वतःच घागर घेऊन धावत आली. "काहून वं माय, एवढ्या उन्हात फिरता तुमी?" तिने गोदावरीचं डोकं मांडीवर घेतलं.

"कोनच्या विहिरीचं?" गोदावरीने विचारलं.

"आमच्याच. पी वं पोरी."

ती प्याली. थांबली. पुन्हा प्याली. मग डोळे मिटले, ते उघडले नाहीत.

मागून आलेल्या एका ट्रकने आम्हाला अकोल्याच्या दवाखान्यात नेलं. दिवस मावळताना गोदावरी गेली.

"वॉज देअर नो वॉटर?" कमांडर बाईंनी विचारलं.

"देअर वॉज, मॅडम. टाकी अर्धी भरलेली होती."

त्यानंतर पिण्याच्या पाण्याचं पिंप लॉरीत, ड्रायव्हरच्या पाठीशी बसलं. माझी फिरती चालू राहिली.

तिचे वडील दुसऱ्या दिवशी आले. उष्माघात कसा झाला, ते मी त्यांना सांगू लागले. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"तिच्या तोंडात पानी पडलं का?"

"पडलं, काका. विहिरीचं. स्वतः प्याली."

"मंग ठीक हाय," ते म्हणाले, आणि दवाखान्याच्या पायरीवर खाली बसले.