आनंदाची भीती घालवणाऱ्या ज्योत्स्नाताई

ज्योत्स्नाताई गावंडे यांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत, त्यांच्या गौरवग्रंथासाठी तुम्ही लिहा, असा संपादकांचा फोन आला तेव्हा मला इतका आनंद झाला की मी बराच वेळ घरातल्या घरात चकरा मारत राहिलो. आनंद झाला, हे मी पहिल्याच वाक्यात मुद्दाम लिहितो आहे. ज्यांना ताईंचे काम ठाऊक आहे त्यांना त्यातले मर्म लगेच कळेल. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठीच हा लेख आहे.

ताईंची आणि माझी पहिली भेट अमरावतीत त्यांच्या घरी, एका शनिवारी दुपारी झाली. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो आणि बाबा मला अकोल्याहून घेऊन आले होते. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षात मला मनाचा आजार झाला होता. या आजारात माणूस काही महिने खोल बुडतो, आणि मग कधीतरी एकदम असा उत्साह चढतो की झोप लागत नाही, बोलणे थांबत नाही आणि जगातले काहीही आपल्याला जमेल असे वाटू लागते. अशाच उत्साहात मी एका कोचिंग क्लासच्या उद्घाटनासाठी आमच्या घरासमोर मांडव घातला होता. क्लास अस्तित्वातच नव्हता. माझे वडील अकोल्यातले जुने वकील. त्यांनी मांडव उतरवून घेतला आणि मला दवाखान्यात नेले.

औषधांनी मी सावरलो, पण घर काही सावरले नाही. मी उदास बसलेला असलो तर कुणाची हरकत नसे. मोठ्याने हसलो की आई स्वयंपाकघरातून डोकावायची आणि बाबा विचारायचे, "गोळी घेतली का?" त्यांचेही चूक नव्हते, त्यांनी तो मांडव पाहिला होता. पण हळूहळू मलाही माझ्या हसण्याची धास्ती बसली. आपल्याला पुन्हा कधी मोकळेपणाने आनंद होऊ शकेल का, एवढाच एक प्रश्न माझ्यापुढे होता, आणि तो विचारावा कुणाला हे कळत नव्हते.

अशा अवस्थेत मी ताईंच्या हॉलच्या दारात उभा राहिलो. आत माझ्याच वयाची मुलेमुली सतरंजीवर तुरीच्या शेंगांच्या ढिगाभोवती बसली होती आणि सोले, म्हणजे हिरवे दाणे, काढत होती. मला वाटले, आपण चुकून कुणाच्या घरच्या कार्याला आलो. ताई उठून आल्या. बाबांना म्हणाल्या, "वकीलसाहेब, तुमी बाहेर बसून चहा घ्या. इथं ज्याले झालं तोच बसते." मग माझ्याकडे वळल्या. माझे नाव नाही, आजार नाही, डॉक्टर कोण ते नाही. "शेंगा सोलता येते का?" एवढेच विचारले.

हात कामात असले की तोंड आपोआप उघडते, ही ताईंची पद्धत. कधी तुरीच्या शेंगा, कधी लसूण, कधी वाळवणाची निवडानिवड. त्या दिवशी शेंगा सोलता सोलता ताईंनीच सुरुवात केली. "मी बावीस वर्षाची होती तवा दोन वर्षं बिछान्यातून उठली नाही. घरचे सांगत, पोरगी मामाकडं गेली. मामा सांगे, पोरगी घरी गेली. मी मधातच कुठंतरी होती." सगळे हसले. मीही हसलो, आणि सवयीने लगेच तोंडावर हात ठेवला. ताईंनी ते पाहिले, पण त्या दिवशी काही बोलल्या नाहीत.

ताईंची सगळी नोकरी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवण्यात गेली. शनिवारची बैठक त्यांनी नोकरीत असतानाच सुरू केली. समदुःखी माणसांची साथ, म्हणजे ज्याला भोगावे लागले त्यानेच नव्याने भोगणाऱ्याजवळ बसायचे, एवढेच तिचे स्वरूप. तिथे कुणी कुणाला सल्ला द्यायचा नाही. "मला झाले तेव्हा असे झाले" एवढेच सांगायचे. ज्याच्या तोंडून सल्ला निघेल त्याने सगळ्यांसाठी चहा करायचा. आता शिक्षकी पेशा म्हणजे सल्ल्याची खाणच. त्यामुळे इतक्या वर्षांत सर्वांत जास्त चहा कुणी केला असेल तर तो ताईंनीच. "असं कर बाई," एवढे तोंडून निघाले की त्या स्वतःच जीभ चावत आणि पातेले घ्यायला उठत.

आपली हद्द कुठे संपते हे त्यांना पक्के ठाऊक आहे. बैठकीत येऊ लागल्यावर मला इतके बरे वाटू लागले की औषध सोडावे असे मनात आले. ते ताईंना सांगितले. वाटले होते, खूश होतील. त्या म्हणाल्या, "हे डॉक्टरले सांग. मी भूगोलाची बाई आहे, मले पठार विचार." आणि दुसऱ्याच दिवशी माझ्यासोबत डॉक्टरांकडे येऊन बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या. औषध अर्थातच सुटले नाही.

आमच्यातली प्रणिता नांदगाव पेठच्या औद्योगिक वसाहतीत एका कापडाच्या कारखान्यात काम करते. औषध बदलल्यावर तिला सकाळी जागच येईना आणि पहिली पाळी चुकू लागली. नोकरी जाते की काय, अशी वेळ आली. तेव्हा ताई रोज पहाटे तिच्या दारात जाऊन उभ्या राहत आणि कारखान्याच्या गाडीपर्यंत तिच्यासोबत चालत. उपदेश नाही, धीर देणे नाही. वाटेत तुम्ही दोघी काय बोलत होता, असे प्रणिताला विचारले तर ती म्हणाली, "काहीच नाही. ताईच अर्ध्या झोपेत राहत." ती नोकरी टिकली आणि प्रणिता आज तिथे नव्या मुलींना काम शिकवते.

माझ्या प्रश्नाला ताईंनी हात घातला तो सेमाडोहला. आम्ही सगळे सहलीला गेलो होतो. सिपना नदीच्या काठी डबे उघडले आणि मी गायला लागलो. चांगला रंगलो होतो, आणि मध्येच गप्प झालो.

"काहून थांबला?" ताईंनी विचारले.

"जास्त होऊन राहिलं वाटते, ताई."

"रातच्याले झोपला होता?"

"झोपलो होतो ना, मस्त."

"मंग गा ना बावा! नदीवर आनंद नाही होईन तर काय तुह्या बाबाच्या कोर्टात होईन?"

मी पुन्हा गायलो. ताईही गायल्या, आणि त्यांचा सूर कुठल्या कुठे गेला. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळले की आनंद आणि आजार यांच्यात फरक असतो आणि तो शांतपणे तपासता येतो. त्यासाठी ताईंनी बैठकीत जोडीदाराची पद्धत पाडली आहे. आपण बरे असताना आपला जोडीदार आपणच निवडायचा आणि त्याला विचारण्याचा हक्क द्यायचा: झोप झाली का, डोक्यात विचार धावताहेत का, आज एखादा मोठा निर्णय घेतला का. हक्क आपण दिलेला असल्यामुळे त्या प्रश्नांचा राग येत नाही. आणि हे ताईंनाही लागू आहे. त्यांची जोडीदार प्रणिता.

मग अकोल्याचे वेड माझ्या डोक्यात शिरले. अकोल्याची मुले बस धरून अमरावतीला येत, दमत आणि हळूहळू गळत. आमच्या घराच्या तळमजल्यावर बाबांचे वकिलीचे ऑफिस त्यांनी काम थांबवल्यापासून बंद पडून होते. तिथे शनिवारची बैठक सुरू करावी, असे मी घरी बोललो. बाबांचा चेहरा उतरला. त्यांना पुन्हा मांडव दिसला. त्यांनी साफ नकार दिला.

ताई अकोल्याला आल्या. मला वाटले, त्या माझी भलामण करतील, पोरगा ठणठणीत आहे म्हणून सांगतील. बाबांनी वकिली थाटात विचारले, "हा पुन्हा आजारी पडणार नाही, याची हमी तुम्ही देता का?"

"नाही देत," ताई म्हणाल्या. "माहीच हमी नाही, त्याची काहून देऊ? पडू शकते आजारी. पडला तर डॉक्टर आहे, जोडीदार आहे, आमी आहो. तो घरी झोपीन, बैठक दुसरा कोणी घेईन. त्यात काय एवढं?"

मी मनातून पार खचलो. बाबा मात्र खुर्चीत जरा पुढे सरकले. त्यांच्या आवाजातली वकिली गेली होती. "ताई, आता याला जो उत्साह आला आहे तो आनंद आहे की आजार, हे मी ओळखायचं कसं? मला खरंच कळत नाही हो."

"त्याले इचारा ना. समोर तर बसला आहे."

गोळी, झोप, डॉक्टरची तारीख, हे सगळे बाबांनी मला रोज विचारले होते. हे कधीच विचारले नव्हते. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "समीर, काय आहे रे हे?"

मी म्हणालो, "बाबा, मांडवाच्या वेळी मले फक्त मीच दिसत होतो. आता मले ते पोट्टे दिसून राहिले, जे अर्ध्यातूनच यायचे थांबले."

बाबा उठले. आतून किल्ली घेऊन आले. "दिवाळीपर्यंत पाहू," म्हणाले, "मी वरच आहे." किल्ली मिळाली, पण त्यांची भीती गेलेली नव्हती, हे मला त्या "वरच आहे"मध्ये ऐकू आले.

यानंतर आमच्या हातून जे झाले ते फक्त आमच्याच हातून होऊ शकते. दुसऱ्या दिवशी शनिवार. ताईंनी उजाडायच्या आत सगळ्यांना फोन करून उठवले होते. बैठकीला गेलो तर हॉल धुऊन काढलेला, पुरण शिजत असलेले, आणि ताईंचे बोलणे काही केल्या थांबेना. अकोल्याचे उद्घाटन येत्या रविवारीच, असे ठरवून त्यांनी पाहुण्यांना आमंत्रणेही दिली होती. प्रत्येकाला सल्ला देत होत्या आणि चहाचे नाव नव्हते! आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. शेवटी प्रणिता उठली. "ताई, खाली बसा. झोप झाली का?"

आपल्या गुरूला असे विचारायचे, माझी तर मान खाली गेली. ताई शहाण्या विद्यार्थिनीसारख्या मांडी घालून सतरंजीवर बसल्या. "नाही झाली."

"विचार धावून राहिले का?"

"धावून राहिले. अकोल्याकडं."

"मोठा निर्णय घेतला का?"

"घेतला ना, रविवारचा."

"मंग तो पुढं ढकला."

ताईंनी ढकलला. स्वतः फोन लावून एकेका पाहुण्याला सांगितले, "माह्या जोडीदारनीनं थांबवलं मले." कुठलाही आडपडदा नाही. मग जेवल्या, हॉलमध्येच झोपल्या आणि संध्याकाळी ताज्यातवान्या होऊन उठल्या. आजार कसला आणि काय, बाईंना नुसता आनंद झाला होता. आमचे निदान सपशेल चुकले होते. आम्ही ओशाळलो, तर त्या म्हणाल्या, "चुकलं तर चुकलं. इतकी वर्षं मी तुमच्यावर लक्ष ठेवून होती. आज तुमी माह्यावर ठेवलं. मले लय बरं वाटलं." हे सांगताना त्यांचे डोळे भरून आले होते. नियम घालणारी माणसे मी बरीच पाहिली आहेत, स्वतःच्या नियमापुढे इतक्या सहज बसणारे माणूस दुसरे पाहिले नाही.

अकोल्याची बैठक सुरू झाली. सुरुवातीच्या काही शनिवारी सगळे दबकून बोलत. मग एके दिवशी एका मुलीने सांगितले की तिने मैत्रिणीला पाठवायचा लांबलचक माफीनामा चुकून सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, आणि सासरच्या-माहेरच्या तमाम मंडळींनी तिला उदार मनाने माफ करून टाकले. खोलीत हशा उसळला. सर्वांत मोठा आवाज माझा. त्या दिवशी अमरावतीची बैठक प्रणितावर सोपवून ताई आमच्याकडे आल्या होत्या, त्या तर डोळे पुसत होत्या. तेवढ्यात जिन्यावर बाबांची पावले वाजली. माझे हसू जागच्या जागी थांबले. बाबा दारात येऊन उभे राहिले.

"थांबला काहून?" ते म्हणाले. एरवी घरात जपून, नीटनेटके बोलणारे माझे बाबा. "वरपर्यंत आवाज येऊन राहिला होता तुहा. लय दिवसांनी आला."

एवढे बोलून ते वर गेले. मी रडलो, आणि कुणीही मला चूप केले नाही.

ताई, साठीच्या निमित्ताने तुम्हाला निरोगी आणि उदंड आयुष्य चिंततो, आणि त्यात माझा स्वार्थ आहे. गेल्या शनिवारी सगळे गेल्यावर बाबा खाली आले, सतरंजीवर माझ्या शेजारी बसले, उरलेल्या शेंगांतली एक उचलून सोलू लागले आणि हळूच म्हणाले, "समीर, तुमच्या ताईंना विचारशील का? बापांसाठी असं काही आहे का?" तेव्हा ताई, तब्येत सांभाळा आणि भरपूर जगा. वऱ्हाडातल्या बापांना बोलते करायला एक साठी पुरायची नाही.