लेकीच्या बाटलीची फॅट

आमची लेक नगरला फार्मसी शिकते. शेवटच्या वर्षाला तिनं बनवायला काय घ्यावं? तर कातडीच्या आत व्हिटॅमिन पोचवणारं औषध.

"व्हिटॅमिन सी नुसतं चोळलं तर बरंचसं वरच राहतं, आई," तिनं मला स्वयंपाकघरात समजावलं होतं. "म्हणून ते सोयाबीनमधून काढलेल्या स्निग्ध पदार्थाच्या बारीक फुग्यांत भरायचं. डोळ्यांना दिसणारही नाहीत इतके बारीक. कातडीतही स्निग्ध पदार्थ असतात, त्यामुळे हे फुगे तिच्यात शिरतात आणि आतला माल आत सोडतात. लायपोसोम म्हणतात त्यांना."

मी मान डोलावली. सोयाबीन तेवढं कळलं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी ती बाटली घेऊन घरी आली. कॉलेजात लाईट जाते, आमच्याकडे दुधामुळे फ्रीजला इन्व्हर्टर आहे. उजेडानं औषध खराब होऊ नये म्हणून बाटलीला चांदीचा कागद गुंडाळलेला. "उद्या बाहेरचे परीक्षक येणार. माझं सगळं या बाटलीवर आहे. दुसरी करायला वेळ नाही, कुणी हात लावू नका," ती म्हणाली. 'कुणी' म्हणताना बघितलं मात्र माझ्याकडे.

त्याच कप्प्यात आमचीही एक बाटली होती. गावातल्या डेअरीचं मशीन फॅट कमी दाखवतं आणि दुधाला भाव कमी मिळतो, असा आमच्या ह्यांना जुना संशय. म्हणून संध्याकाळच्या धारेचं थोडं दूध बाटलीत काढून ठेवायचं आणि सकाळी शेजारच्या गावच्या दूध केंद्रावर तपासून आणायचं. त्या बाटल्याही लेकीनंच कॉलेजातून आणून दिलेल्या. सगळ्या सारख्या.

आता माझ्या गालांवर वांग आहेत. उन्हातान्हात गोठा बघणाऱ्या बाईला असायचेच. पण घरात असलं औषध असताना ते तसेच ठेवायचे म्हणजे अन्न असून उपास. लेक अंघोळीला गेली आणि मी दोन्ही बाटल्या ओट्यावर घेतल्या. कागद काढला. आत पांढरंशुभ्र, दुधासारखं. एक थेंब डाव्या गालावर लावला. तेवढ्यात न्हाणीचं दार वाजलं. हाताला लागली त्या बाटलीला घाईघाईनं कागद गुंडाळला आणि दोन्ही बाटल्या जागेवर ठेवल्या.

सकाळी लेक कागदाची बाटली थंड डब्यात घालून एसटीनं गेली. हे बिनकागदाची बाटली घेऊन मोटरसायकलवरून गेले. मी गाल आरशात बघत होते, तोच फोन वाजला.

"अगं, कसलं दूध दिलंस? मशीन फॅटच दाखवंना! ह्यो केंद्रावाला इचारतोय, काका, दुधात काय घातलंय? लोकं जमल्यात हितं. त्यांला वाटतंय, आपून भेसळ करतो!"

आरसा हातातच राहिला. "अहो, ओतू नका! दूध नाही ते, पोरीचं औषध आहे!"

"औषध? अगं, निम्मं मशीन प्यालं की!"

"उरलेलं?"

"बाटलीतच हाय."

मी लगेच लेकीला फोन लावला. ती नुकतीच कॉलेजात पोचली होती. मी सगळं सांगितलं, थेंबासकट. पलीकडून झाकण उघडल्याचा आवाज आला.

"आई, याला धारेचा वास येतोय गं."

आणि लगेच, अगदी मास्तरणीसारखं: "उरलेलं घेऊन या. थंड ठेवा, पण बर्फाला टेकू देऊ नका. गोठलं की फुगे फुटतात."

हे उरलेलं घेऊन घरापाशी आले तेव्हा मी चपात्यांच्या डब्यात बर्फ, त्यावर टॉवेलची घडी घेऊन रस्त्यावर उभीच होते. गाडीवर मागे बसून डबा पोटाशी धरला. लेक तान्ही असताना तिला दवाखान्यात अशीच न्यायचे. ह्यांनी वाटेत एकच वाक्य काढलं, "आता केंद्रावर कुठल्या तोंडानं जायचं?" मी म्हटलं, "पोरीला कुठल्या तोंडानं भेटायचं ते बघा आधी."

कॉलेजच्या फाटकावर लेकीनं बाटली उजेडाकडे न धरता हाताच्या ओंजळीत झाकून नेली. आमच्याकडे बघितलंही नाही. आम्ही रसवंतीच्या बाकावर बसून राहिलो. रस पुढ्यात आला, पण दोघांनाही प्यायला सुचेना.

ती बाहेर आली तेव्हा चेहऱ्यावरून काही कळेना. "झालं," म्हणाली. "फुगे शाबूत होते. सर म्हणाले, माल एवढा कमी कसा? म्हटलं, थोडा घरच्या तपासणीत गेला."

"आणि ते काय म्हणाले?"

"मग घरच्या तपासणीचा निकाल काय आला, म्हणाले."

मग माझी हनुवटी धरून तिनं माझा डावा गाल उन्हाकडे वळवला. भर रस्त्यात, तिच्या मैत्रिणींसमोर. "एका थेंबानं काय होणार होतं गं?" असं म्हणून तिनं बाटलीच्या तळाशी राहिलेलं बोटावर घेतलं आणि माझ्या दोन्ही गालांना लावलं. जरा जोरातच चोळलं.

"मला?" हे म्हणाले.

"तुमचं मशीननं पिलं, पप्पा."