खोल खाचांचा टायर

पत्नी गेल्यानंतर महिनाभराने मोटारसायकलचा झिजलेला टायर बदलायला मी मंगळवार पेठेतल्या एका दुकानात गेलो. मलकापूरच्या शाळेत मी रोज त्याच गाडीने जाई. दुकानदार प्रत्येक टायरवर पाणी शिंपडी, तळहात घासून बघे आणि मगच बोले.

"घरात वाट बघणारं कोण हाय?"

"कोणी नाही. कुठलाही बसवा."

"वाळल्या रस्त्यावर कुठलाबी चालतोय, पावणं. पावसात खोल खाचांचाच लागतोय."

"घसरलो तरी मला आता काय फरक पडतो?"

"तुमास्नी न्हाय पडत. समोरनं येणाऱ्याच्या घरात कोणतरी असतंय की!"

सांत्वनाला आलेल्यांपैकी कोणी माझ्यावर असे खेकसले नव्हते. त्याने माझे चाक काढायला घेतले. मी बाकावर बसून राहिलो.